दोन्ही बाजूंनी बोलणारे गुरुजी

आमचे चौथीचे गुरुजी रस्त्याने एकटेच भांडत जात, आणि भांडणाच्या दोन्ही बाजू तेच सांभाळत. उजवीकडे मान वळवून जाड आवाजात एक वाक्य, डावीकडे वळवून बारीक आवाजात त्याचं उत्तर. मध्येच थबकत. "छे छे, ती असं नाही म्हणणार," असं स्वतःलाच बजावत आणि आधीचं वाक्य मागे घेऊन दुसरं म्हणत. ते गावात नवे आले तेव्हा वेशीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी एकमताने ठरवून टाकलं, की मास्तरला बाहेरची बाधा आहे. आईने मला सांगितलं, "शाळेत जाय, पन त्यायच्या लई जवळ बसू नको."

मी पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत बसले.

आमचं गाव जामनेर आणि बोदवड यांच्या मधलं, कपाशीचं. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. गुरुजी पश्चिम खानदेशातून बदलून आले होते. उंच, हडकुळे, काळी टोपी, आणि कान असे बाहेर आलेले की टोपी त्यांच्यावरच टेकलेली वाटे. वर्गात आल्या आल्या त्यांनी हजेरी घेतली नाही. टेबलावर टेकून म्हणाले, "मना गाव साक्रीकडे शे."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"हसा," गुरुजी म्हणाले, "पण नेमकं कशाला हसलात ते सांगा."

माझ्या मागे बसलेला सुपडू धीट होता. तो उभा राहिला. "'शे'ले हसलो, गुरुजी."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"हाय."

"हाय..." गुरुजींनी तो शब्द सुपारीसारखा गालातल्या गालात फिरवला. "मना गाव साक्रीकडे हाय."

"मना नही, माह्यं!" आम्ही सगळे ओरडलो.

"माह्यं. बरं. आणि सगळ्याला 'बठ्ठा' म्हणता का तुम्ही?"

"म्हनतो!"

"वा! म्हणजे अगदीच परका नाही मी."

तास संपेपर्यंत आम्ही त्यांना आमची बोली शिकवत होतो. शाळा सुरू झाली आहे याचा कोणाला पत्ताच लागला नाही.

त्यांचा लाडका विषय वेळापत्रकात नव्हता. त्याला ते नुसतं 'बोलणं' म्हणत. हस्तव्यवसायाच्या तासाला आम्हाला टकळीवर सूत कातावं लागे. गुरुजींनी त्यातच आपलं काम घुसवलं. हाताने टकळी फिरवायची आणि तोंडाने बोलणं करायचं. सूत सारखं तुटायचं, पण बोलण्याची गाडी जोरात होती. पाटीच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे एकाचं वाक्य, उजवीकडे दुसऱ्याचं. लिहून झालं की दोघांनी उभं राहून ते करून दाखवायचं. ऐकताना गुरुजी डोळे मिटून बसत आणि एखादं वाक्य खोटं वाटलं की आंबट चिंच खाल्ल्यासारखा चेहरा करत. ओरडत कधीच नसत. तो चेहरा पुरे होता.

सुपडूचं पहिलं लेखन मला आठवतं. त्याने डावीकडे लिहिलं होतं, 'हे मातोश्री, मला क्षुधा लागली आहे.' उजवीकडे, 'हे पुत्रा, ही घे भाकर.'

गुरुजींचा चेहरा आंबट झाला. "घरी तू आईला मातोश्री म्हणतोस?"

"नही."

"काय म्हणतोस?"

"'माय, भूक लागली.'"

"मग ती काय म्हणते?"

सुपडू लाजला. "म्हनते, 'आत्ताच तं भाकर गियली!'"

वर्ग हसून हसून लोळला. गुरुजी खुर्चीतून उठून त्याच्याजवळ आले, स्वतःच्या धोतराच्या सोग्याने त्यांनी त्याची पाटी पुसली आणि पेन्सील त्याच्या हातात दिली. "हे लिही. जसं म्हणाली तसंच लिही."

आपल्या आईचं रागावणं पाटीवर लिहिण्याजोगं असतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मी आईकडे अशी टक लावून पाहत राहिले, की तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ऐकण्याच्या नादात गुरुजी काय करतील याचा नेम नसे. एकदा ते पाणवठ्यावरच जाऊन बसले. विहिरीपासून जरा अंतरावर, लिंबाखाली, डोळे मिटून. बायका पाणी शेंदता शेंदता काय बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं. संध्याकाळी चावडीवर तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतःच विहिरीवर गेले आणि बायकांसमोर हात जोडून उभे राहिले.

"बायांनो, मला पोरांना बोलणं शिकवायचं आहे. तुमच्याइतकं चांगलं गावात कोणी बोलत नाही. म्हणून आलो होतो. राग मानू नका."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्यात सखूअक्का सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "ऐकायचं असीन तं बसून कायले ऐकता, मास्तर? हांडा उचला."

गुरुजींनी खरंच हंडा उचलला. पुढे कितीतरी दिवस ते सकाळी धोतर खोचून, खांद्यावर हंडा घेऊन सखूअक्काच्या मागे मागे चालताना दिसत. अक्का सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांवर बोलत असे, आणि गुरुजी ओलेचिंब होऊन मान डोलावत असत. वेशीवरच्या म्हाताऱ्यांनी बाधेचा संशय काढून टाकला. मास्तर साधा आहे, एवढंच त्यांनी ठरवलं.

मला त्यांनी एकदा विषय दिला होता, शेजारी वखर मागायला येतो. मी दोन ओळींत उरकलं. 'तुमचं वखर द्या.' 'घ्या.'

"एवढ्यात मिळालं?" गुरुजी म्हणाले. "तुझ्या आबांकडे येतात ना माणसं वखर मागायला? आल्या आल्या मागतात?"

मी आठवून पाहिलं. "नही. आधी पान्यापावसाचं बोलतात. मंग बैलाचं. मंग चहा पेतात. मंग जायले उठतात."

"आणि वखर कधी मागतात?"

"जोडा घालताना."

गुरुजी ताडकन उभे राहिले. "जोडा घालताना!" ते म्हणाले, आणि तसेच बाहेर पडून शेजारच्या वर्गात गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "ऐकलंत का? जोडा घालताना!" तिसरीचे मास्तर त्या वेळी सतराचा पाढा म्हणून घेत होते. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. मी मात्र दोन दिवस जमिनीवर चालत नव्हते.

आमच्या वर्गात हसन होता, पिंजाऱ्याचा मुलगा. त्याने बाप आणि गादी भरायला आलेलं गिऱ्हाईक यांचं बोलणं लिहिलं, घरी बोलतात त्याच भाषेत. मध्येच अडला आणि विचारलं, "गुरुजी, अब्बा बीच में चूप बैठते. वो कैसा लिखने का?"

गुरुजी त्याच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "लिही, 'चूप'. आणि करताना अब्बासारखा चूप बस." हसनने गिऱ्हाइकासमोर जे गप्प बसून दाखवलं, ते बघायला गुरुजींनी तिसरीचा वर्गसुद्धा बोलावला.

हे सगळं शाळेच्या मोठ्या गुरुजींना, म्हणजे हेडमास्तरांना, पसंत नव्हतं. ते बंद गळ्याचा कोट घालत आणि छापल्यासारखं बोलत. त्या वर्षी वार्षिक समारंभाला जळगावहून तपासणीचे साहेब येणार होते. मोठ्या गुरुजींनी त्यासाठी राजाराणीचं नाटक काढून ठेवलं होतं. आमच्या गुरुजींनी सांगितलं, की चौथीची मुलं स्वतःचं नाटक लिहून करतील.

आम्ही व्हरांड्यात सूत गुंडाळत होतो. दोघांचं बोलणं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"साहेबांसमोर 'हाय' आणि 'नही'?" मोठे गुरुजी म्हणाले. "शाळेची शोभा होईल. मी वर लिहीन. तुमची बदली सातपुड्याच्या पायथ्याला होईल, सांगून ठेवतो."

"चालेल," आमचे गुरुजी म्हणाले. "तिथे आणखी वेगळं बोलतात."

मोठे गुरुजी हसले नाहीत, आणि आम्हाला भीती वाटली. आमचे गुरुजी जातील ही कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती. सुपडूने तिथल्या तिथे मारुतीला नारळ बोलला.

नाटकासाठी गुरुजींनी सांगितलं, "घरी किंवा गल्लीत ऐकलेलं एक भांडण लिहून आणा."

इथे आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. माझे आजोबा म्हणजे आबा, आणि सुपडूचे आजोबा म्हणजे नाना. घरं समोरासमोर, शेतांचा बांध एक, दोघं लहानपणापासूनचे दोस्त. पण मी पाळण्यात असताना माझ्या आत्याच्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत काहीतरी बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नानांचा बैल आमच्या शेतात शिरला तर आबा बैलाला म्हणत, "जाय, सांग तुह्या मालकाले, दावं नवं घे." आणि बांधापलीकडून नाना बैलाला म्हणत, "ये रे, तिथलं गवत तसंही कडू हाय." मला आणि सुपडूला एकमेकांच्या अंगणात जायची बंदी होती. शाळा तेवढी मोकळी होती.

मी आणि सुपडू, दोघांनी न ठरवता तेच भांडण लिहून आणलं. माझ्या पाटीवर नाना भर पंगतीत म्हणत होते, 'ही बट्टी हाय का गोटा? दात पाडले माह्ये!' आणि आबा काहीच बोलत नव्हते. सुपडूच्या पाटीवर नाना काहीच बोलत नव्हते, आणि आबा म्हणत होते, 'बट्टी पचत नसीन तं पंगतीले बसू नये!'

गुरुजींनी दोन्ही पाट्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ त्यांची नजर इकडून तिकडे फिरत राहिली.

"गंमत बघा," ते हळूच म्हणाले. "दोन्ही घरांना समोरच्याचं वाक्य पाठ आहे. आपल्या माणसाचं कोणालाच आठवत नाही."

मग त्यांनी दोन्ही पाट्यांचं एक नाटक करायला लावलं. नावं बदलली. गाव बदललं. बट्टीऐवजी पुरी घालावी असं मी सुचवलं, पण गुरुजींचा चेहरा आंबट झाला. पुरी कोणाच्या दाताला टणक लागत नाही, म्हणाले. बट्टी राहिली. आणि त्यांनी आणखी एक केलं. "ज्याच्या घरचा माणूस, त्याने तो करायचा नाही." म्हणून सुपडू माझा आबा झाला आणि मी मिशी लावून त्याचा नाना. नाना बोलण्याआधी दोनदा खाकरायचे. मी आठवडाभर समोरच्या ओट्याकडे कान लावून ते खाकरणं बसवलं. गुरुजींच्या मनात मुद्दाम काही होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, नाटक चांगलं होईल म्हणून.

समारंभ दुपार कलल्यावर शाळेपुढच्या पटांगणात होता. बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या. पुढे खुर्चीवर साहेब, शेजारी मोठे गुरुजी, मागे सगळं गाव. आबा एका टोकाला आणि नाना दुसऱ्या टोकाला बसले होते. राजाराणीचं नाटक झालं. साहेबांनी दोन जांभया दिल्या. मग आम्ही.

पंगत बसली. हसन आचारी होऊन वाढत होता. मी दोनदा खाकरले. मागच्या लोकांत एकदम खसखस पिकली आणि सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. तोवर वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. "ही बट्टी हाय का गोटा? दात पाडले माह्ये!"

"मी असं म्हनलोच नही!"

नाना उभे राहिले होते. मोठ्या गुरुजींनी डोळे मिटून घेतले. फळ्यांवर आम्ही जिथल्या तिथे थिजलो.

"काय म्हनले व्हते मंग?" कोणीतरी मागून विचारलं.

"म्हनलो, 'बट्टी खरपूस हाय, पन माह्ये दात गेले.' दोन दाढा काढून आलो व्हतो मी बोदवडहून! चावता येत नव्हतं मले!"

दुसऱ्या टोकाला आबा उठले. नानांकडे न बघता, समोर बघून म्हणाले, "मले सांगितलं, 'बट्टीनं दात गेले.'"

"बट्टीनं म्हनलोच नही मी."

"दाढा काढल्या तं मले सांगितलं कामून नही?"

"तुह्या घरी लगीन व्हतं. त्यात तुले माह्या दाढाईचं काय सांगू?"

तेव्हा कुठे आबांनी मान वळवून नानांकडे पाहिलं. नाना त्यांना 'तू' म्हणाले होते. बैलाला नव्हे, आबांना.

"तुह्यावाल्या पोरीच्या लग्नात मी उपाशी उठलो," नाना म्हणाले. "पन वाईट नही बोललो."

आम्ही फळ्यांवर तसेच. मी गुरुजींकडे पाहिलं. ते बाजूला बैलगाडीच्या चाकाशी उभे होते, तोंडावर बोट ठेवून. 'ऐका,' एवढंच त्यांनी ओठांनी सांगितलं.

साहेब मोठ्या गुरुजींकडे झुकले. "प्रेक्षकांतही पात्रं बसवलीत? फारच छान! अगदी खरी वाटतात."

मोठ्या गुरुजींनी डोळे उघडले. आबांकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. मग कोट नीट करून म्हणाले, "होय साहेब. विद्यार्थ्यांकडून बरीच मेहनत करून घेतली."

आबांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "बस आता खाली," ते नानांना म्हणाले. "पोरायचं नाटक व्हऊ दे."

नाना बसले. आबाही बसले. आता मोठी पंचाईत झाली. पाटीवर लिहिलेलं पुढचं सगळं भांडण खोटं ठरलं होतं. सुपडूला पुढे अक्षर बोलता येईना. चाकाजवळून गुरुजी कुजबुजले, "तुम्हीच बोला आता. जे बोलावंसं वाटतं ते."

सुपडूने डोक्यावरचा आबांचा फेटा सावरला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मंग, बट्टी वरनात भिजवून देऊ का?"

मी दोनदा खाकरले. "दे. पन तूप जास्ती टाक."

असं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. सखूअक्का मांडीवर थापा मारत होती. हसनने खोट्या तुपाची खोटी धार माझ्या पत्रावळीवर धरली ती धरलीच, थांबवेना. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि आबा आणि नाना एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत, खरं म्हणजे भांडत, पटांगणातून निघाले होते. इतक्या वर्षांत कोण कोणाला काय म्हणालं, याचा हिशोब त्यांना घरी पोचेपर्यंत लावायचा होता.

गुरुजी बैलगाडीमागे जमिनीवर बसले होते, टोपी मांडीवर. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आम्ही गोळा झालो तर म्हणाले, "एक शब्द रे! 'बट्टीनं'! कोणीतरी मध्ये एक शब्द घातला."

बदली झाली नाही. उलट मोठे गुरुजी पुढच्या वर्षी स्वतःच विचारायला लागले, चौथीचं नाटक काय आहे म्हणून. पुढे दोन वर्षांनी गुरुजींनी आपणहून धुळ्याकडे बदली मागून घेतली, म्हाताऱ्या आईजवळ राहता यावं म्हणून. जाताना नानांनी त्यांचं सामान बैलगाडीत घातलं, स्वतःही चढून बसले आणि आबांनी स्टेशनपर्यंत गाडी हाकली. वाटेत तिघांपैकी कोण जास्त बोललं, यावर दोन्ही घरांत बरेच दिवस मतभेद होते.

मी मास्तरीण व्हायचं ठरवलं त्याला दुसरं काही कारण नव्हतं. ट्रेनिंगसाठी धुळ्याला गेले तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांचा पत्ता विचारत विचारत पांझरा नदीजवळच्या एका गल्लीत पोचले. गुरुजी ओट्यावर बसले होते. भोवती गल्लीतली पोरं, पुढ्यात पाट्या. मी हाक मारली, त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "मोठा ताप व्हता, त्यामा कान गयात त्यासना. समोर जा."

मी समोर गेले. त्यांनी मला ओळखलं, हात धरून खाली बसवलं. मग मी मोठ्याने ओरडून विचारलं, "कसे आहात गुरुजी?"

"ओरडू नको," ते म्हणाले. "ओरडलं की ओठ खोटे हलतात. नेहमीसारखं बोल, तोंड इकडे ठेव. मला सगळं दिसतं." आणि हसले. "आता कोणी हळूच बोललं तरी चालतं. पूर्वी चुकायचं ते."

पोरांच्या बोलण्यात खोटं वाक्य आलं की ते अजून आंबट चेहरा करत होते. ओठांवरून ओळखून.

मग त्यांनी आबांचं विचारलं. मी सांगितलं, गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटचे दीड-दोन महिने अंथरुणाला होते. नाना रोज सकाळी येऊन उशाशी बसत.

गुरुजी आणखी पुढे सरकून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "काय बोलायचे रे दोघं?"

त्यांच्या सगळ्या पोरी त्यांना 'रे'च होत्या. मी ओट्यावर सरळ बसले. डावीकडे वळून नाना झाले, उजवीकडे वळून आबा.

"काय खाल्लं आज?"

"पेज."

"पेज कायले? बिमार हाय का?"

"बिमारच हाय ना भो."

"असं व्हय. मले वाटलं, आळस करू ऱ्हायला."

"आळसच करतो. पन घरच्याईले सांगू नको."

गल्लीतली पोरं खिदळली. गुरुजींचे डोळे माझ्या ओठांवर होते. तेही हसले, अगदी पोरांच्याच वेळेला. डोळे भरून आलेले, पण हसू पूर्ण.

त्यांच्या पाठीमागे बसलेली एक लहान मुलगी मात्र हसली नव्हती. तिने विचारलं, "मंग नाना आते कोनासंगे बोलस?"

गुरुजींना ते कळलं नाही. माझा चेहरा बदललेला दिसला, म्हणून त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं.

"मग? कोणाशी बोलतात?"

"मी घरी गेले की माझ्याशी. सगळं सांगतात मला, आबांना सांगायचे तसं."

गुरुजींनी मागे हात करून त्या मुलीला पुढे ओढलं आणि माझ्या समोर, आपल्या मांडीजवळ बसवलं. पाटीवरची आधीची अक्षरं तळहाताने पुसली आणि पाटी तिच्या हातात दिली.

"विचार ताईला," ते म्हणाले, "नाना काय काय सांगतात. आणि ती जसं सांगेल तसंच लिही."

मुलीने पाटीच्या मधोमध रेघ मारली. मी खाकरले आणि सुरुवात केली.